बदकांच्या कबरीवरचं घर

कुर्ना, ९ जानेवारी १९८४

रावया,

नाही, बाईमाणूस गाइड झालं म्हणून माझ्या पोटात दुखत नाहीये. तू विचारलं नाहीस, तुझ्या आईनं विचारलं नाही, पण तुझं पत्र वाचताना तुझी मामी माझ्या तोंडाकडे अशी बघत बसली होती की मला कळलं, सगळ्यांना हेच वाटणार. तर नाही. कैरोहून माणसं घेऊन ये, खुशाल ये. सलाम-दुवा वर लिहिली आहे असं समज.

तू पाठवलेला छापील कागद बघितला. सहाला नदीवरची तर पकडायची, राजांच्या खोऱ्यातल्या दोन कबरी, मग राणीचं देऊळ, मग आमच्या टेकडीवर बदकांची कबर, मग शेताकडचं देऊळ, आणि बाराच्या ठोक्याला परत तरीवर. अर्ध्या दिवसात एवढं? माणसं आहेत का मेंढरं? पण ते तुझं तू बघ. माझं सांगणं एकच आहे. बदकांची कबर त्यातून काढ.

कारण छतातून माती गळतेय. परवा सकाळी दार उघडलं तर जमिनीवर भाकरीएवढी खपली पडलेली. एकतीस वर्षं त्या दाराची किल्ली माझ्या कमरेला आहे आणि त्या कबरीच्या डोक्यावर माझं घर आहे, मला नाही कळणार तर कुणाला कळणार? शेजारच्या गवळ्याच्या कबरीत ने त्यांना. तिथं भिंतीवर बदकांऐवजी गाई रंगवल्या आहेत. परदेशी माणसाला बदक काय नि गाय काय.

आणि पुराणवस्तू खात्याच्या इन्स्पेक्टर रिफअतला यातलं काही बोलू नकोस. का, ते विचारू नकोस.

मामी म्हणते, येताना आईकडून गुडघ्याचं मलम आण.

शाझली

*

कैरो, १७ जानेवारी

मामा,

सलाम. तुम्ही वर लिहिला नव्हतात, मी मात्र लिहिते.

छत गळतंय तर इन्स्पेक्टरला सांगायचं नाही, हे काय लॉजिक झालं? त्याचं कामच ते आहे. दोन मजूर येतील, टेकू लावतील, महिन्यात काम होईल. उलट तुम्ही म्हणता बोलू नकोस. मी पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझा भाऊ सगळ्या टेकडीला कायदा शिकवत फिरतो आणि आता हा लपवाछपवी करतोय? मग नक्की तुझ्यावरून आहे. गावासमोर भाची डोकं वर करून परक्या बाप्यांना काहीतरी समजावतेय, हे त्याला बघायचं नाही." मी म्हटलं, मामा तसे नाहीत. खरं सांगा, मी बरोबर बोलले ना?

माझ्याकडून ऐका आता. पाच वर्षं मी म्युझियमच्या दालनात उभी राहून तीच सात वाक्यं बोलले. हा माझा पहिला स्वतःचा ग्रुप आहे. अठरा जण, बहुतेक निवृत्त मास्तर-मास्तरणी, सगळं वाचून येणारे. ते खोऱ्यासाठी येत नाहीयेत, बदकांसाठी येतायत. आणि मीच त्यांना सांगून ठेवलंय की तिथं दिवा नसतो, माझे मामा बाहेर उन्हात आरसा धरून उभे राहतात आणि सूर्य आत पाठवतात. टाळ्या वाजवल्या त्यांनी. आता जाऊन सांगू, मामांनी गाई बघायला सांगितल्यात?

आमचा मॅनेजर म्हणाला, छापलंय ते दाखवायचं. एक गोष्ट गाळली तर परत दालनात.

येतोय १९ फेब्रुवारीला, रविवारी. मलम घेतलंय.

तुमची,
रावया

*

कुर्ना, २६ जानेवारी

रावया,

तुझ्या आईला सांग, तिच्या भावाला लोकांची पर्वा असती तर तो इथं टिकलाच नसता. डोकं वर करून बोल, नाहीतर हातावर उभी राहून बोल, मला काय त्याचं.

आता खरं ऐक. एकदाच लिहीन. वाचून झालं की चुलीत घाल. आईला दाखवू नकोस.

मी शाडू कालवला आणि भेगेवर आडवी पट्टी लावली, बोटभर. खात्याचे लोक करतात तसं. पट्टी अखंड राहिली तर भेग झोपलीय. तुटली तर भेग चालतेय. तिसऱ्या दिवशी तुटली.

भेग का चालतेय ते मला माहीत आहे. पाणी. आणि पाणी माझं आहे.

टेकडीवर नळ नाही, मोरी नाही, हा नियम तुला ठाऊक आहे. लहानपणी तूच गाढवामागून डबे मोजत चढायचीस. पाणी खालून आणायचं, वापरलेलं पाणी डब्यात भरून परत खाली शेतात नेऊन ओतायचं. आमचा दगड पाणी प्यायला की फुगतो, फुगला की सुटतो. हे मी लोकांना एकतीस वर्षं सांगतोय. एकाहत्तर साली शेजारच्या बदवीच्या बापानं अंगणात मोरी केली होती, ती मीच सांगून फोडायला लावली. म्हातारा मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

दोन वर्षांपूर्वी तुझी मामी घाण पाण्याचा डबा घेऊन उतरताना पडली. तुला सांगितलं नव्हतं. डबा अंगावर, गुडघा दगडावर. त्यानंतर ती बसली की उठताना भिंत धरते आणि मी बघतोय का ते आधी बघते. मग मी मागच्या खोलीत सिमेंटची मोरी केली. रात्री नाही, चोरून नाही, भर दुपारी, दार लावून. पाणी सोडलं मागच्या खड्ड्यात. आपल्या टेकडीवर कुठल्या घरात कबरींच्या काळचा तो उभा खड्डा नाही? कोणी त्यात कांदे ठेवतं, कोणी कबुतरं. बदवीनं चारा भरलाय. आजोबा म्हणायचे, आपल्या खड्ड्याला तळ आहे, सलग दगड. आजोबा कधी उतरले होते? नव्हते. मी उतरलो? मीही नाही. मामीनं विचारलं, "नक्की ना हो?" मी म्हटलं, "मला शिकवतेस?"

परवा दोर बांधून उतरलो. तळाशी कुशीला भोक आहे, मातीनं भरलेलं, चिखल झालेला. ते कुठे जातं ते सांगायला नको.

रिफअतला कळलं तर माझं घर पाडतील. पाडू दे म्हणशील. पण ते एका घरावर थांबणार नाहीत. टेकडी रिकामी करायला ते कारण शोधतच आहेत. माझ्यानंतर बदवीचं मोजतील, मग पुढचं.

पाणी मी बंद केलंय. मोरी फोडली. सुकलं तर छत धरेल. सुकायला वेळ दे. बदकांकडे येऊ नकोस.

शाझली

*

कैरो, ४ फेब्रुवारी

मामा,

पत्र जाळलं. आईनं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, मलमाचं. आयुष्यात पहिल्यांदा तिला तोंडावर खोटं बोलले आणि तिला पटलंसुद्धा, हे त्याहून वाईट.

मामी पडल्याचं तुम्ही कळवलं नाहीत. मामी दोन वर्षं पत्राच्या शेवटी "मलम आण" सांगते आणि आम्ही हसतो की म्हातारीला मलमाचं वेड लागलंय.

मी मॅनेजरकडे गेले. म्हटलं, बदकांची कबर बंद आहे. त्यानं फोन उचलला आणि माझ्यासमोर लक्सरला, खात्याच्या ऑफिसात लावला. मामा, तुम्ही काय करून ठेवलंय? तिकडून म्हणाले, महिन्याभरात दोन ग्रुप दारातून परत गेले, म्हातारा राखणदार सांगतो किल्ली हरवली. तक्रार झाली आहे. म्हणून एकोणीस तारखेला इन्स्पेक्टर रिफअत स्वतः येणार आहेत, दुसरी किल्ली घेऊन. मॅनेजर मला म्हणाला, "बघ, तुझं काम सोपं झालं."

आता मी काय करू? मी बोलले तर घर जातं. नाही बोलले तर अठरा माणसं त्या छताखाली जातात. त्यातल्या एक बाई काठी घेऊन चालतात, त्यांना धावता येणार नाही. मला दोन दिवस जेवण गेलेलं नाही. आई म्हणते, पहिल्या ग्रुपची भीती आहे, होईल सवय.

तुम्हीच सांगा रिफअतना. फक्त छताचं सांगा, पाण्याचं नको. म्हणा, जुनी भेग आहे.

रावया

*

कुर्ना, ११ फेब्रुवारी

रावया,

फक्त छताचं सांगायचं, म्हणे. रिफअत काय आंधळा आहे? छत ओलं आहे. चार हजार वर्षांत तिथं थेंब पडला नाही आणि आता हात लावला की बोट ओलं होतं. पहिला प्रश्न तो काय विचारणार? वर कोण राहतं.

नवी पट्टी लावली होती. सहा दिवस टिकली. आधीची तीनच दिवस टिकली होती. म्हणजे सुकतंय. एकोणीसपर्यंत अजून आठ दिवस आहेत, ऊन चांगलं पडतंय, रोज सकाळी दार उघडं टाकून बसतो, वारा आत जाऊ देतो.

मी ठरवलंय. रिफअत उघडेल, उघडू दे. तू लोकांना पुढे जाऊ देऊ नकोस. भेग पार आत आहे, बदकांच्या भिंतीसमोर. सगळ्यांना दारापाशी थांबव, काहीही सांग, श्वासानं रंग जातो म्हणून सांग. मी लांबून बदकांवर ऊन टाकतो, पाव घटका, पाच-सहा मिनिटं, बघतील, मग मी म्हणेन ऊन सरकलं. बाहेर. कुलूप. माझं घर राहील, तुझी नोकरी राहील, आणि उन्हाळ्यात मी गुपचूप आत टेकू घालीन.

पाव घटका. एवढं छत धरेल. धरायलाच हवं.

मामीला यातलं माहीत नाही. तिला वाटतं मोरी गळत होती म्हणून फोडली. ती परत डबे उचलायला लागलीय. मी ओरडलो तर म्हणाली, "तुम्हाला काय झालंय? दोन आठवडे झाले, चहा पिताना वर बघता."

आता पत्र लिहू नकोस. पोचायच्या आत तूच येशील.

शाझली

*

अस्वान, २१ फेब्रुवारी

मामा,

काल लिहायला बसले होते, दोन कागद फाडले. आज लिहिते. ग्रुप नावेवर आहे, मी सांगितलं डोकं दुखतंय.

तुम्ही बाहेर होतात, तुम्हाला आतलं कळलं नसेल. म्हणून सांगते.

सकाळपासून मी काय बोलत होते मला आठवत नाही. खोऱ्यात राजांचा क्रम चुकला. एका मास्तरांनी मला हळूच दुरुस्त केलं. राणीच्या देवळाच्या पायऱ्यांवर त्या काठीवाल्या बाईंनी विचारलं, "मुली, तू सारखी त्या टेकडीकडे का बघतेस?" मी म्हटलं, माझ्या मामांचं घर आहे. त्या म्हणाल्या, "अगं मग आनंदानं बघ की!"

तुमच्या दारात आलो तेव्हा साडेनऊ झाले होते. रिफअत आधीच होते. तुम्हाला म्हणाले, "काय शाझली, किल्ली सापडली का?" तुम्ही म्हणालात, "सापडली. तुमच्या येण्याची वाट बघत होती." लोक हसले. बदवीचाच आवाज मोठा होता. मी तुमच्याकडे बघितलं नाही.

आत गेल्यावर मी सांगितल्याप्रमाणे केलं. सगळ्यांना दारापाशी थांबवलं. रंगाचं सांगितलं. मीही तिथंच होते, चौकटीला पाठ लावून, काही झालं तर पहिली बाहेर पडेन अशी. त्याची मला लाज वाटते, पण तसंच होतं. मला सगळं माहीत होतं आणि तरी मी अठरा माणसं आत नेली.

मग तुमचं ऊन आलं. मामा, मी लहानपणी शंभरदा बघितलंय, तरी पहिल्यांदा बघितल्यासारखं झालं. काळोखात ती बदकं एकदम उडाली. निळी, लाल, एकेक पीस दिसत होतं.  त्या बाई रडायला लागल्या.

मी मनात आकडे मोजत होते. साठ. शंभर. एकशे वीस.

मग ऊन हललं. मला वाटलं तुमचा हात थकला. ते बदकांवरून वर सरकलं, छतावर गेलं आणि भेगेवर जाऊन थांबलं. रिफअत ओरडले, "शाझली! खाली घे! भिंतीवर!" ऊन हललं नाही. "अरे बहिरा झालास का? खाली!" ऊन तिथंच. मग सगळ्यांनीच वर बघितलं, आणि रिफअतनीही. तुमची शाडूची पट्टी मधोमध तुटलेली होती आणि भेग हाताएवढी होती, कडा ओल्या, काळ्या. ते बारीक आवाजात म्हणाले, "सगळे बाहेर. पळू नका. बाहेर."

आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा छताची चिऱ्याएवढी लादी पडली. कुणाला लागलं नाही. जिथं पडली तिथं कोणी नव्हतं. धूळ दारातून बाहेर आली आणि तुमच्या गलाबियाच्या झग्यावर बसली, आणि तुम्ही आरसा धरून तसेच उभे होतात.

रिफअतनी विचारलं, "हे पाणी कुठलं?" तुम्ही म्हणालात, "माझं." सगळ्या आळीसमोर. मामी वरच्या दारात उभी होती.

मीही त्यांना संध्याकाळी लिहून दिलंय की मला महिनाभर माहीत होतं. मॅनेजरचा फोन आला होता. बहुतेक दालनातही घेणार नाहीत.

सांगा, तुम्ही असं का केलंत? आपलं ठरलं होतं. बदकांची कीव आली का तुम्हाला शेवटी? एकतीस वर्षांची माया? मामी काय म्हणाली? लिहा. कृपा करून लिहा.

रावया

*

नजाचा मळा, कुर्न्याखाली, ९ मार्च

रावया,

पत्ता बदललाय, बघ. मामीच्या भावाच्या मळ्यात दोन खोल्या आहेत, तिथं आहोत. अंगणात नळ आहे. मामी दिवसातून पाच वेळा तो उघडते आणि बंद करते. काही धुवायचं नसलं तरी.

घर गेलं. एका सकाळीत गेलं. माझ्या आजोबानं तीन वर्षं लावली होती बांधायला. रिफअत कागद घेऊन आला होता, वाचून दाखवायला लागला. मी म्हटलं, वाचू नको, पाड. तो म्हणाला, "शाझली, तुझ्यासारखा माणूस!" मी म्हटलं, हो, माझ्यासारखाच माणूस. दुसऱ्या कुणाला दोन वर्षं लपवता आलं नसतं. खड्ड्यात दगड भरले, कबरीत सात खांब लावले. बदकं आहेत जागेवर. एकाची शेपटी गेली. किल्ली दिली, पेन्शनचं बघू म्हणाले.

बदवीचं घर मोजलं. पुढच्या दोघांचंही. अजून पाडलं नाही. बायका सलाम करत नाहीत मामीला. बदवी आला होता घर पाडायच्या दिवशी, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या बापाची मोरी फोडलीस, आणि स्वतःची जगवलीस होय रे?" मी म्हटलं, होय. थुंकला. मग गाढव पुढे केलं आणि आमची संदूक त्यावर चढवली. मळ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. उतरवताना मात्र म्हणाला, "केवढी जड. दगड भरलेस का कबरीतले?" म्हणजे पुढेमागे बोलेल.

तू लिहून कशाला दिलंस? कुणी मागितलं होतं? एक घर गेलं तेवढं पुरे नव्हतं, तुझी नोकरीही त्याच खड्ड्यात टाकलीस. रिफअतला मी सांगितलंय की पोरगी घाबरली होती, तिच्या बोलण्यावर जाऊ नका. तो म्हणाला, बघतो. बघतो म्हणणारा माणूस कधी बघत नाही, पण या वेळी बघेलसं वाटलं.

आणि मामीनं विचारलं तेव्हा मी सांगितलं की बदकांची कीव आली. रिफअतनं कागदावरही तेच लिहिलं: इतक्या वर्षांच्या सेवेमुळे कर्तव्याची जाणीव होऊन. बरं वाटलं त्याला लिहायला. राहू दे.

पण तू मला खोटं लिहू नकोस. चौकटीला पाठ लावून उभी होतीस, म्हणे. पहिली पळणार होतीस. मी आरसा धरतो ना, तेव्हा ऊन जिथं जातं तिथं माझा डोळाही जातो. बदकांवर ऊन टाकलं आणि खाली बघितलं तर तुझे पिवळे बूट. अठरा माणसं दारापाशी, आणि तू एकटी पार आत, भिंतीसमोर, भेगेच्या बरोब्बर खाली, दोन्ही हात पसरून, की कुणी पुढे आलं तर तुझ्या अंगावरून जायला लागेल. ती काठीवाली दोनदा पुढे सरकली, दोनदा तू तिला मागे केलंस. तोंडानं राजांची नावं घेत होतीस.

मी ठरवलेलं पाळणार होतो. पाव घटका, मग ऊन सरकलं म्हणायचं. घर राहिलं असतं. पट्टी तुटलेली सकाळीच बघितली होती आणि तरी पाळणार होतो, हेही लिहून ठेवतो. बदकांसाठी मी बोट हलवलं नसतं. एकतीस वर्षं बघतोय त्यांना, चार हजार वर्षं उडतायत आणि कुठे पोचली नाहीत.

जिथं पडली तिथं कोणी नव्हतं, असं लिहिलंयस. ऊन वर गेलं तेव्हा तू दोन पावलं मागे झालीस म्हणून कोणी नव्हतं. लादी केवढी होती ते मी नंतर उचलून बघितलं. उचलली गेली नाही.

बास. मामी काय म्हणाली, मला काय वाटलं, यातलं एकही अक्षर आता मी लिहिणार नाही. परत विचारलंस तर पत्र न उघडता परत धाडीन.

शाझली